वॉरंटीत तेल बसत नाही

१२ फेब्रुवारी
नात ऑफिसच्या ट्रेनिंगला गेली. २७ मार्चला येणार. पहिल्या पगारातून घेतलेलं गेमचं मशीन टीव्हीखाली ठेवून गेलीय. जाताना दारातून तीनदा मागे वळून बजावलं, "आजी, ह्याला हात लावायचा नाही. शपथ घे." घेतली. मला काय करायचंय त्या डबड्याशी? चाळीस वर्षं शाळांचे युनिफॉर्म शिवले. उभ्या आयुष्यात माझ्या हातून एक मशीन बिघडलं नाही. आणि ही मला शिकवणार.

१३ फेब्रुवारी
हात लावला नाही. फडक्याने पुसलं. फडकं म्हणजे हात नव्हे.

१५ फेब्रुवारी, दुपारी
मशीन पडून राहिलं की जाम होतं. हे या घरात माझ्याशिवाय कोणाला कळतं? सून ऑफिसला गेली की रोज अर्धा तास चालू ठेवायचं ठरवलं. खेळायचं नाही. नुसतं चालू.

१६ फेब्रुवारी
आत चिलखत घातलेला एक उंच गडी आहे. हातात तलवार घेऊन नुसता उभा, श्वास टाकतोय. नात गेल्यापासून उभाच असणार. पाय अवघडले असतील म्हणून दोन पावलं चालवला. विहिरीत पडला. बघून चालायला काय झालं होतं मेल्याला?

२१ फेब्रुवारी
गडी आता पळतो. सुनेने संध्याकाळी विचारलं, "आई, दुपारी झोप लागली का?" म्हटलं, गुडघे ठणकतात, झोप कुठली. खोटं बोलले नाही. एका जागी बसून ठणकतातच.

२७ फेब्रुवारी
पुलावरचा तीन तोंडांचा राक्षस मेला. नात तीन महिने त्याच्यापुढे नाक घासत होती. मी मुद्दाम मारला नाही. मी बटणं पुसत होते, तो मध्ये आला.

३ मार्च
मशीन घरघरायला लागलं. मागच्या जाळीला कान लावला. आतला पंखा कोरडा पडलाय. आणि या शहाण्या कंपनीने तेल सोडायला भोकच ठेवलेलं नाही! माझ्या शिलाई मशीनबरोबर तेलाची कुपी आली होती, दोन जादा सुया आल्या होत्या. यांनी काय दिलं? चाळीस पानांचं पुस्तक. पहिल्या पानापासून नुसत्या धमक्या. मिटून ठेवलं. जाळीतून सहा थेंब सोडले.

४ मार्च
घरघर आहेच. थेंब कमी पडले. अर्धी कुपी.

५ मार्च
घरघर थांबली. बाकीचंही थांबलं. एक लाल दिवा लुकलुकतो तेवढा. हल्लीच्या मालात काही दम नाही.

६ मार्च
खोक्यात कार्ड सापडलं. वॉरंटी २४ मार्चपर्यंत. नात येणार २७ला. म्हणजे घाई काहीच नाही. उद्या देते, परवा दुरुस्त करून आणते, कानोकान खबर नाही. मशीनच्या जागी माझा सुयादोऱ्यांचा डबा ठेवला, वर टेबलक्लॉथ घातला. लांबून ओळखू येत नाही.

७ मार्च
सर्व्हिस सेंटर. टोकन त्रेसष्ट. काउंटरवरची पोरगी कॉम्प्युटरकडे बघत बोलते, माणसाकडे बघत नाही. "आजी, काय प्रॉब्लेम आहे?" म्हटलं, ते तुम्ही सांगायचं, मी कशाला सांगू? "काही सांडलं होतं का? पाणी, चहा?" छातीवर हात ठेवून सांगितलं, पाण्याचा थेंब लागलेला नाही. शंभर टक्के खरं. पावती दिली. चार दिवसांनी या म्हणाली. पोरगी आता माझ्या मुठीत आहे.

११ मार्च
रिपोर्ट आला. "आत द्रवपदार्थ आढळला. वॉरंटी लागू नाही."
मी म्हटलं, तेल आहे ते, द्रवपदार्थ कसला! पोरीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "आजी, तुम्ही पंख्यात तेल घातलं?" म्हटलं, मग कोण घालणार, तुझी कंपनी? तिने आतून मेकॅनिकला बोलावलं. त्याने तोच प्रश्न विचारला. मग तिसऱ्याला बोलावलं. प्रत्येकाला नव्याने ऐकायचं होतं. तिसऱ्याने तर बसायला खुर्ची ओढून घेतली.
दबले आहेत.

१२ मार्च
कस्टमर केअरला फोन. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा. शेवटी एक गोड आवाजाची बाई म्हणाली, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी विचारलं, मग उचलत का नाहीस? तिने तेच वाक्य परत म्हटलं. वीस मिनिटं भांडले. शेवटी कळलं की ती रेकॉर्ड आहे. तरी सांगते, माझा मुद्दा तिला खोडता आला नाही.

१४ मार्च
हाताने अर्ज लिहिला. चौथी शिकलेय, पण अक्षर मोत्यासारखं. "तुमच्या मशीनला तेलाचं भोक नाही, सोबत कुपी नाही, हा मूळ दोष. गिऱ्हाइकाने स्वतःच्या पदरचं तेल घालून तुमची अब्रू राखली. सबब नवीन मशीन द्यावं." पोरीने वाचला. मेकॅनिकने वाचला. त्याने फोटो काढून घेतला. म्हणजे वरपर्यंत पाठवणार.

१५ मार्च
टेबलक्लॉथ सुनेने धुवायला काढला. खाली डबा. "आई, मशीन कुठंय?" म्हटलं, धूळ बसू नये म्हणून माझ्या कपाटात. "आणि डबा इथं का?" म्हटलं, जागा राखायला. ती बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. पण पटलं तिला.

१७ मार्च
निकाल येईपर्यंत सेंटरमध्येच बसायचं. उघडलं की जायचं, बंद करताना उठायचं. सोबत विणकाम. बसायचं नाही असं कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही. त्यांनी चहा विचारला नाही. संस्कार.

१८ मार्च
बाकावर शेजारी बसलेल्यांशी ओळखी झाल्या. सगळे दुःखी. एकाचं मशीन गरम होतं, एकाचं खरखर करतं, एका चष्मेवाल्या बाईंचं मधेच बंद पडतं. सगळ्यांना एकच विचारलं, कधी तेल घातलंत का? एकानेही नाही! एवढी शिकलेली माणसं.

२० मार्च
चष्मेवाल्या बाई परत आल्या. मशीन आता पूर्ण बंद. खरखरवालाही आला. त्याने खोबरेल वापरलं होतं. त्याला मी सगळ्यांसमोर झापलं. शिलाई मशीनचं म्हटलं होतं, स्वयंपाकघरातलं नव्हे. काउंटरवरच्या पोरीने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, बघ किती मशीनं बंद पडतायत, आतातरी कंपनीला जाग येऊ दे.

२१ मार्च
आज चार तेलवाले. मॅनेजर स्वतः बाहेर आला. टाय घातलेला, घामेजलेला. "आजी, प्लीज, घरी जा. आम्ही कळवतो." म्हटलं, चोवीसला वॉरंटी संपते. आज लेखी दे, उठते. नाहीतर मी आहे, माझी लोकर आहे. तेवढ्यात एक नवीन गिऱ्हाईक माझ्या शेजारी येऊन टेकलं आणि मी विचारलं, आवाज येतो का मशीनचा? मॅनेजर "आजी!" असा काही ओरडला की लोकरीचा गुंडा पार काउंटरखाली गेला.

२३ मार्च
फोन आला. नवीन मशीन देतायत! "वॉरंटीबाहेर, सद्भावना म्हणून, अपवादात्मक." मराठीत याला चूक कबूल करणं म्हणतात. एकच अट, मी सेंटरमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही आणि बाकावरच्या कोणाला सल्ला द्यायचा नाही. सही केली. माझा विषय संपला. आता पुढच्यांचं नशीब.

२४ मार्च
मशीन आणलं. जागेवर ठेवलं. तीच लांबी, तोच काळा रंग. जुनं कुठलं आणि नवं कुठलं, ब्रह्मदेवाला कळणार नाही. वॉरंटीही नवीन, पूर्ण वर्षाची. नातीचा फायदाच केला मी.

२६ मार्च
चालू करून बघितलं नाही. गरजच काय? सगळं चोख आहे. उद्या ती येईल, बटण दाबेल, खेळेल. मी विणत बसेन.

२७ मार्च
आली. बॅग टाकली, बटण दाबलं. मशीनने तिला नाव विचारलं. भाषा विचारली. कुठल्या देशात राहता विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी टाके मोजत होते.
तिने पासवर्ड घातला आणि तिचं सगळं जुनं म्हणे वरून खाली उतरलं. कंपनी लोकांचं सगळं स्वतःकडे लिहून ठेवते. हे कार्डावर कुठेही छापलेलं नव्हतं. नात मोठ्याने वाचायला लागली. "खेळण्याचा वेळ, बारा फेब्रुवारीनंतर, एक्याऐंशी तास." सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "आई, रोज? गुडघ्यांसकट?"
म्हटलं, मी नुसतं चालू ठेवत होते.
तेलाचं, सेंटरचं, सगळं सांगावं लागलं. नात मध्येमध्ये हसत होती. मग पुलावर गेली. पूल मोकळा. राक्षस नाही. तेव्हा मात्र खरोखर डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "आजी, तीन महिने गं! तू कसा मारलास?" म्हटलं, आपोआप. दार आपटून आत गेली. मशीन गेल्याचं काही नाही, राक्षस गेल्याचं दुःख. माझा हात चांगला आहे, त्यात माझा काय दोष?

२८ मार्च
नात सकाळी बोलायला लागली. बोलली म्हणजे मशीनमध्ये माझं वेगळं खातं काढून दिलं. मला वाटलं, मानलं शेवटी मला. खात्याचा प्रकार 'बालक'. वयोगट सहा ते नऊ. रोज एक तास, नंतर आपोआप बंद. पालक म्हणून सुनेचा नंबर घातलाय. तलवारवाला गडी नाही. एक ससा आहे, तो गाजरं गोळा करतो.
सशाला मी ढुंकूनही बघणार नाही.

२९ मार्च, संध्याकाळ
तास संपला. सत्तेचाळीस गाजरं झाली होती, पन्नासला टोपी मिळते. पडद्यावर आलं, "जास्त वेळ हवा असल्यास पालकांची परवानगी मागा." मागितली. स्वयंपाकघरात सुनेचा फोन वाजलेला ऐकू आला. मग तिच्या भांड्यांचा आवाज येत राहिला.
सहा वाजून बारा मिनिटं. पालकांकडून उत्तर नाही.