ईशान्येचा खांब

११ मे

पोचलो एकदाचा. तिसऱ्या वळणावर बस तापली, म्हणून शेवटचा मैलभर हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून चालत आलो. खांदा सोलवटला, पण तोंडावरचं हसू काही जाईना. ओरिए, तुझा नवरा आता कुणाच्या हाताखालचा सुतार राहिला नाही. इथला मुख्य मिस्त्री मीच.

ही वही तू पेटीत कोंबलीस, रोज लिहा म्हणालीस. माझी पत्रं चार ओळींची असतात म्हणून ही शिक्षा. घरी आलो की वाच.

देऊळ जुनं, डोंगराच्या कुशीत. गेल्या वर्षीच्या वादळात देवदार पडला आणि प्रार्थनामंडपाची कंबरच मोडली. तो उतरवायचा आणि होता तसाच पुन्हा उभारायचा. पुजारी सुगिमोरीसान काडीसारखे, बोलतात इतकं हळू की कान पुढे न्यावा लागतो. जेवायला आंबट मुळा आणि मिसोचं गरम पाणी. तुझ्या हातची चव नाही, पण भात भरपूर. सवयीप्रमाणे पावलं मोजून ठेवली. मंडपाच्या पायरीपासून बाहेरच्या कमानीपर्यंत बासष्ट.

मंडप दहा ऑक्टोबरला देवाला अर्पण व्हायचा आहे आणि बाळ येणार पंधराच्या सुमाराला. म्हणजे पाच दिवस हातात. मागच्या खेपेला मी असाच कामावर होतो, तू एकटी होतीस आणि पोर गेलं. ते पुन्हा होणे नाही. या खेपेला मी उंबऱ्यात बसलेला असणार, लिहून ठेव.

२ जून

आज हसून हसून पोट दुखलं. जुने खांब उतरवताना गान्झोनं हाक मारली. गान्झो म्हणजे माझा जोडीदार, साठीचा, हात सोन्याचा आणि जीभ तिखट. ईशान्येच्या कोपऱ्यातला खांब उलटा निघाला. झाडाचा बुंधा वर, शेंडा खाली. गाठी बघितल्या की कुठलाही सुतार ओळखेल. या जुन्या मिस्त्रींना झाडाचं डोकं कुठलं आणि पाय कुठले तेही कळेना.

सुगिमोरीसान आले आणि हळूच म्हणाले की खांब उलटाच आहे, नवाही उलटाच बसवायचा, दर खेपेला तसंच करतात. का, ते त्यांनी सांगितलं नाही. ते सांगितलं अंगण झाडणाऱ्या तोकीआजीनं, खराटा माझ्या नाकासमोर नाचवत. पुरं झालेलं घर देव घेतो, आणि पुरं करणाऱ्यालाही त्यात ठेवून घेतो. एक खांब उलटा असला की काम अपुरं राहतं, मग मिस्त्री आपल्या घरी जायला मोकळा. वर म्हणाली, तुझ्या चेहऱ्यावरून दिसतंय बाबा, तुला शहाणपणाची खाज आहे, तेव्हा कानाला खडा लाव.

मी हो म्हटलं. म्हातारीशी कोण वाद घालणार. पण आमच्या धंद्यात उलटा खांब म्हणजे अपशकुन. अशा घरात कुणाचंच धड होत नाही, असं माझे वडील सांगायचे.

३ ऑगस्ट

तुझं पत्र आलं. सुईण म्हणते बाळ उलटं आहे, डोकं वर. मागचंही असंच होतं. तू लिहिलं आहेस, काळजी करू नका. अशी चार अक्षरं लिहून काळजी जाते होय?

दिवसभर रंधा मारला. समोर तोच खांब होता. यालाही उलटा उभा करायचा, आणि तोही मी, माझ्या हातानं.

९ ऑगस्ट

खांब उभे केले. ईशान्येचा सरळ बसवला.

बघितलं फक्त गान्झोनं. म्हणाला, पोराचं कळलंय मला, मी तोंड उघडणार नाही. सुगिमोरीसानना रंधा मारलेल्या लाकडातलं काही कळत नाही.

खांबाच्या खालच्या टोकाला जोत्यात जाणारी जी कूस असते, तिच्यावर सुतार शाईनं काहीबाही लिहितात. एकदा आत बसली की ती कुणाला दिसत नाही. मी लिहिलं: हा जसा सरळ उभा आहे, तसं माझं बाळ सरळ होऊ दे. बदल्यात माझं काय हवं ते घे.

मग गान्झोनं घण मारला आणि खांब बसला.

२१ ऑगस्ट

बाळ फिरलं. सुईणीनं दोनदा हात लावून बघितलं, डोकं खाली. नऊ तारखेला दुपारी पोटात मोठी उलथापालथ झाली म्हणे, तू भिंत धरून बसलीस. नऊ तारखेला दुपारी, ओरिए.

गान्झोला साके पाजली. तोकीआजीलाही दिली. प्यायली आणि मला विचारलं, इतका आनंद कसला. मी म्हटलं, असाच. ती खांबाकडे बघत बसली.

२६ सप्टेंबर

आढं चढलं, छपरावर हिनोकीच्या झाडाच्या सालीचे थर चढताहेत. असं काम माझ्या हातून पूर्वी झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू. सांध्यात कागद शिरत नाही.

दुपारी सिगारेट आणायला खाली गेलो. कमानीपर्यंत चौसष्ट पावलं. गुडघे म्हातारे झाले, पाऊल आखूड पडतं, असं गान्झोला सांगितलं. तो हसला नाही.

८ ऑक्टोबर

शेवटची पाचर ठोकली. काम संपलं.

लाकूड नवं असतं तेव्हा बोलतं, उन्हात कुरकुरतं. पाचर बसली आणि मंडप एकदम गप्प झाला. पाखरंसुद्धा गप्प. मला बरं वाटायला हवं होतं.

तुला पत्र टाकायला निघालो. कमानीपर्यंत एकोणऐंशी पावलं झाली. परत येताना बासष्टच. पुन्हा मोजायला नको वाटलं. पेटी भरून ठेवली आहे. परवा अर्पण झालं की दुपारची बस.

१० ऑक्टोबर

समारंभ झाला. मी पुढच्या रांगेत होतो. सुगिमोरीसाननी माझं नाव घेतलं, मी उठून वाकलो, आणि त्यांनी माझ्या मागे बघत विचारलं, मिस्त्री कुठे गेले.

गान्झो माझ्यापासून हातभर. म्हणाला, सकाळपासून दिसला नाही, बायकोच्या ओढीनं पळाला असेल, हत्यारंही विसरला बघा. सगळे हसले. मीही हसलो, म्हटलं चेष्टा चालली आहे. मग त्याची बाही धरून ओढली. त्यानं माशी झटकावी तशी बाही झटकली.

माझी पेटी तो घरी पोचवायला घेऊन गेला. पेटी गेली, मी राहिलो, आणि कमरेला खोचलेली ही वही.

११ ऑक्टोबर

निघालो. तीनशे पावलांपर्यंत मोजली. कमान समोर, स्वच्छ दिसते आहे, तिच्यापलीकडे बस उभी. हजार झाली असतील. मागे वळलो तर मंडपाची पायरी टाचेला लागली.

तोकीआजी माझ्या शेजारून खराटा घेऊन चालत गेली आणि कमानीबाहेर पडलीसुद्धा.

मला भीती वाटते, ओरिए. पंधराला यायचंय मला.

१३ ऑक्टोबर

मागच्या झाडीतून निघून बघितलं. दिवसभर उतरलो. संध्याकाळी झाडी संपली आणि समोर मंडप.

आजीनं खांबापाशी भाताचा गोळा ठेवला. बसली. खांबालाच म्हणाली, उलटा ठेवायचा होता ना रे, बाबा, एवढं सांगितलं होतं. मी तिच्या तोंडासमोर ओरडलो. तिनं डोळे पुसले, पण मला बघितलं नाही.

जोत्याखाली विसरलेली एक लहान करवत सापडली. खांब कापला की काम अपुरं. मी मोकळा. पण कुशीवर काय लिहिलंय ते आठवलं. बाळ येईपर्यंत हात लावणार नाही. दोन दिवस.

१६ ऑक्टोबर

मुलगा. दोघंही सुखरूप. गान्झोनं सुगिमोरीसानना तार केली होती, त्या तारेबद्दल पायरीवर बोलणं चाललं होतं. ओरिए विचारते आहे, बाळाचे बाबा कुठे आहेत.

मी इथे आहे. इथेच, पायरीवर.

१७ ऑक्टोबर

आता भीती नाही, बाळ आलं. सकाळपासून कापतो आहे. करवत बोथट, खांब कवेत न मावणारा. दिवसाला बोटभर. मी कापलेलं कुणाला दिसत नाही, भुसाही दिसत नाही. पण फट आहे, मी बोट घालून बघतो.

रोज सकाळ ते दुपार. मग हात उचलत नाही.

२ नोव्हेंबर

अर्धा झाला.

ओरिएचं पत्र आलं म्हणे. आजी पुजाऱ्यांना सांगत होती — पोर रोज सकाळी किंचाळून रडतं, दुपारी गप्प होतं. दूध धरत नाही. डॉक्टरला काही सापडत नाही. वाळत चाललंय.

बापासाठी रडतंय. दुसरं काय. येतो रे. थोडं राहिलं.

उद्यापासून जोर लावतो.

९ नोव्हेंबर

सात बोटं राहिली. हाताची साल गेली. कमान आज जवळ दिसते — पहिल्यांदाच —

१४ नोव्हेंबर

दोन बोटं. मंडप पुन्हा कुरकुरला. ऐकलं मी. पाखरू बोललं.

कमानीपर्यंत नव्वद. नव्वदच.

१५ नोव्हेंबर

ती आली आहे. बाळाला देवदर्शनाला घेऊन. कमानीखालून आत — निळी शाल, माझीच. किती बारीक झालीस ग.

पायरीशी उभी आहे. आजी शेजारी. ती आजीला म्हणते, त्यांनी बांधलेला मंडप तरी बघेन म्हटलं. बाळ झोपलंय. चिमुकलं. एवढंसं.

तिच्याबरोबर जायचं. आत्ता. करवत घेतली —

बाळ किंचाळलं.

थांबलो. गप्प झालं.

योगायोग. पुन्हा एकदा —

किंचाळलं. पहिल्यासारखंच. करवत चालते तेवढंच. ओरिए घाबरून त्याला छातीशी —

रोज सकाळी. सकाळ ते दुपार. ते मी. इतके दिवस मी —

एक बोट राहिलं आहे. कमान बासष्ट पावलांवर आहे. मोजायची गरज नाही, दिसतेच आहे.

करवत खाली ठेवली.

बाळ हसल्यासारखं करतंय झोपेत. गालावर रंग आला. आजी म्हणते, बघ कसं शांत झालं, बापाच्या मंडपात आलं ना.

फट मिटते आहे. आवाज न करता. माझं बोट होतं आत, काढून घेतलं. कमान मागे — मागे —

ओरिएनं खांबावर हात ठेवला. ऊब लागते. मला लागते.

ती वळली. निघाली. थांब ना. ओरिए, नाव काय ठेवलंस त्याचं, एवढं तरी मोठ्यानं —