निळा कोट आणि माझा खोटा जबाब

मी, ज्ञानेश्वर काशिनाथ देवस्थळी, वय चौऱ्याहत्तर, राहणार हॉरफील्ड, ब्रिस्टल, निवृत्त इंजिनिअर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदय तेवढं थकलंय, असं डॉक्टर म्हणतात. कोणाचं दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचाय. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझी सॉलिसिटर ईशिता इंग्रजी तर्जुमा जोडेल आणि अंमलबजावणीही तीच करील.

कलम १. राहतं घर पत्नी नीना हिला. ती अठरा वर्षं माझ्यापासून वेगळी आहे, मँचेस्टरला मुलाकडे राहते. तिने घटस्फोटाचे कागद पाठवले होते, ते मी फाडले. बँकेत जे असेल ते मुलगा सुश्रुत याला.

कलम २. आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या सैन्याचे १८६६ सालचे सात गणवेश म्युझियमला द्यावेत. इथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना 'नाझींचे कपडे' म्हणतात. अरे, अक्कल गहाण टाकलीय का? १८६६ साली जर्मनी नावाचा एक देशच नव्हता. बव्हेरियाला स्वतःचा राजा होता, स्वतःचं सैन्य होतं, आणि त्या वर्षी ते प्रशिया या दुसऱ्या जर्मन राज्याशी लढलं. त्यांचा आकाशी निळा कोट लांबून ओळखू येई, म्हणजे गोळी घालणाऱ्यालाही. लोकरी तुऱ्याचं चामडी हेल्मेट मंडळाच्या परीक्षितने नाटकाला नेऊन मावळ्याच्या डोक्यावर चढवलं होतं. ते त्याला पुन्हा कुठल्याही कारणाने देऊ नये.

कलम ३. आठवा कोट. हा म्युझियम घेणार नाही, दुसऱ्या कोणाला देऊही नये, आणि त्याचं कारण लिहिल्याशिवाय हे कलम पुरं होत नाही.

हा कोट मी म्युनिकच्या लिलावात घेतला. गोळी डाव्या काखेखालून शिरून पाठीतून बाहेर पडलेली. भोकाभोवती रक्त वाळून कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालेलं. आम्ही संग्राहक असा कोट धूत नाही, ब्रशही फिरवत नाही. ते रक्त हाच त्याचा पुरावा. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज काय, असा माझा तोरा.

२००७ साली गणपतीच्या आदल्या दिवशी मी कामावरून आलो. ज्या खोलीत गणपती बसायचे तिथेच एरवी कोट टांगलेला असे. मेलेल्याचं रक्त देवासमोर नको म्हणून नीनाने तो बाथटबमध्ये गरम पाण्यात साबण घालून भिजवला होता. कोट आटून दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा झालेला. रक्त गेलं, रंगही गेला. ती हौसेने म्हणाली, "अहो, बघा तरी, किती स्वच्छ निघालाय!"

बाथरूमबाहेरच्या भिंतीवरची माझ्या संग्रहातली तलवार मी लोखंडी म्यानासकट काढली. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. दुसरा कानशिलावर. ती टबाच्या कडेवर आपटली, तरी मी तिसरा घातला. टबातल्या निळ्या पाण्यात तिचं रक्त पडत होतं आणि मी ओरडत होतो, "माझ्या कोटाचं काय केलंस?"

सुश्रुत तेव्हा तेवीस वर्षांचा. जिन्यावरून धावत आला, भिंतीवरची जुनी रायफल उचलली आणि तिचा दस्ता माझ्या जबड्यावर हाणला. मी तलवार सोडली नाही, म्हणून पुन्हा हाणला. जबडा दोन ठिकाणी मोडला, गळपट्टीचं हाड तुटलं. त्याने तसं केलं नसतं तर चौथा घाव मी नक्की घातला असता. आज पहिल्यांदाच लिहितोय हे.

पोलिसांना मी कागदावर लिहून दिलं, कारण तोंड तारांनी बांधलं होतं: बायको ओल्या फरशीवर घसरली, मुलगा पैशावरून अंगावर आला. नीनाने कोर्टात खरं सांगितलं. 'आई पोराला वाचवतेय', एवढंच मी म्हणालो. माझंच सगळ्यांना पटलं. सुश्रुतला चौदा महिन्यांचा तुरुंगवास झाला. विमानांच्या कंपनीत मिळालेली नोकरी गेली. तो आज मँचेस्टरमध्ये लिफ्ट दुरुस्त करतो. मुलगा माझ्यापेक्षा चांगला इंजिनिअर झाला असता. मी नीच माणूस आहे.

कलम ४. वरचं कलम माझ्या अंत्यविधीच्या वेळी मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्याने वाचावं.

यावर ईशिता म्हणाली, "काका, तुम्ही गेल्यावर रीड आउट करून सुश्रुतला काय उपयोग? त्याचा कन्व्हिक्शन आत्ता क्लिअर व्हायला पाहिजे ना?" पोरगी इथेच जन्मलेली, मराठी तिची तोडकी, पण प्रश्न नेमका विचारते. मी म्हणालो, जिवंतपणी हे तोंडाने बोलायची माझ्यात धमक नाही.

कलम ५. हे कलम आयत्या वेळी वाढवलं आहे. शाई पसरली आहे, कारण ओठ फुटलाय आणि कागदावर थेंब पडताहेत.

साक्षीदार म्हणून शशिकांतला बोलावलं होतं. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, पण मीच त्याच्या हातात दिला. कलम ३ त्याने दोनदा वाचलं.

"ज्ञाना, मी कोर्टात उभा राहिलो तुझ्यासाठी," तो म्हणाला. "हा माणूस मुंगीही मारणार नाही, असं शपथेवर बोललो. पोरगा तुरुंगातून सुटून माझ्या पाया पडायला आला, तर मी त्याच्या तोंडावर दार लावलं!"

आणि ठोसा मारला. खुर्चीसकट पडलो. ईशिता मध्ये आली म्हणून दुसरा चुकला. "मेल्यावर सांगणार? अरे हरामखोरा, तो जिवंत आहे ना अजून?"

कलम ४ रद्द. खोट्या साक्षीबद्दलचा कबुलीजबाब मी वेगळ्या कागदावर इंग्रजीत सहीनिशी दिला आहे. ईशिता तो आजच पोलिसांकडे नेईल. मला तुरुंग होऊ शकतो, असं ती म्हणाली. होऊ दे. घर आणि बँकेतलं सगळं घेताना सुश्रुतने किंवा नीनाने मला माफ केलं पाहिजे, अशी कोणतीही अट नाही. अंत्यविधीला त्यांना बोलावू नये.

मी आणि दोन साक्षीदार, अशा तिघांनी एकमेकांसमक्ष सह्या केल्या.

ज्ञानेश्वर काशिनाथ देवस्थळी (सही)

साक्षीदार १: मंजिरी, शेजारीण, नर्स (सही). ओठाला टाका घालून घ्या, असं ही म्हणाली, मी नको म्हणालो.

साक्षीदार २: शशिकांत (सही). "मजकूर वाचला. कोर्टातली माझी साक्षही खोटी होती, ती मी याच कबुलीजबाबासोबत मागे घेत आहे. मी आता मँचेस्टरला निघालो आहे."

ब्रिस्टल, १४ सप्टेंबर २०२५