मोराच्या डोळ्यात पंख्याचं बटण

ती. सगुणाताईस,

माझ्या तमाम भगिनींनो (म्हणजे तूच, मला बहीण एकच), आपल्या दोघांचं या घरात कोणी ऐकून घेत नाही, हा अन्याय आपण किती दिवस सोसायचा? असो, आधी नमस्कार. गुडघा कसा आहे? फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.

विषय गंभीर आहे. शनिवारी प्राप्तीची हळद, आणि दाराशेजारच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा मोर नाही. त्या मोराखाली बसल्याशिवाय आपल्या घरातली मुलगी हळद लावून घेत नाही, हे तुला मी काय सांगणार? दिवाळीत मी तुझ्या मोरांना ‘मापाचा पत्ता नाही’ म्हणालो आणि तू चहा न घेता खडवलीला निघून गेलीस, म्हणून हे काम मीच अंगावर घेतलं. कलेला बुद्धीचा लगाम हवा, असं मी शीळफाट्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत मिळेल त्या व्यासपीठावर सांगत आलोय. तीन पुस्तकं वाचली, टेप लावला, ओळंबा सोडला, भिंतीवर चौकोन आखले आणि मोर उतरवला. चोच, मान, पोट, सगळं प्रमाणात. नखं तर मोजून घ्यावीत. शेजारचा मारुती आत येऊन म्हणाला, “भाऊ, डेंग्यूचा बोर्ड घरात कशाला लावलाय?” बायजाआत्यानं चष्मा लावला. “याला ताप आयलाय काय रं?” आणि प्राप्ती : “पप्पा, माझी हळद आहे, सायन्सचं प्रॅक्टिकल नाय!”

तिनं ओल्या फडक्यानं माझा मोर पुसला आणि स्वतः सुरुवात केली, तीही पिसाऱ्यापासून. काय पिसारा, ताई! (मी विरोधी पक्षातला, तरी तोंडून ‘वा’ निघालं.) पण पिसारा नाचत नाचत खिडकीपाशी पोचला आणि डोक्याला जागा उरली ती स्विचबोर्डावर. पंखा लावायचा तर मोराच्या डोळ्यात बोट घालायचं! पोरगी रडायला लागली. तोही पुसला.

तेव्हा आत्या म्हणाली, “सगुणा आधी वितीनं भितार मापायची, दोनदा. मंग गाना धरायची न् हात सोडून द्यायची.”

ताई, माझ्या लग्नातला तुझा मोर आठवला. मान वाकडी, एक पाय आखूड, पण दाराच्या चौकटीला कुठे धडकला नव्हता. इतकी वर्षं मी तुझं गाणं तेवढं ऐकलं. वीत पाहिलीच नाही.

तुझा भाऊ,
भिवा

ता. क. : दिवाळीचं वाक्य मागे घेतो. जाहीरपणे हवं असेल तर हळदीला माईक आहेच.

आणखी ता. क. : प्राप्ती म्हणते, पप्पांना माईक द्यायचा नाही.

शेवटचा ता. क. : माप आणि गाणं दोन्ही तुझ्याच हातात आहे. मी शिडी धरीन आणि तोंड उघडणार नाही. तांदूळ स्वतः निवडून ठेवलेत (मोजलेले नाहीत). शुक्रवारी सकाळी ये आणि मोर काढ.