शुक्रवारचा कागद, सोमवारचा शिक्का

नॉयडॉर्फ, विस्कॉन्सिन
१४ सप्टेंबर २००३

चि. नोरीन हिस,
व्हेरीनाआत्याचा अ. उ. आ. इथे बरं आहे. बाकीचा मायना तूच भरून घे, मला वेळ नाही.

भांडायला लिहितेय. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तू मध्येच बोलतेस, म्हणून कागद. शेजारचा ओडेल कुबली तुझ्याच कंपनीच्या आरोग्यविम्यात आहे. साखरेपायी त्याच्या डाव्या पायाच्या बोटाला जखम झाली. शुक्रवारी, पाच तारखेला संध्याकाळी, डॉक्टरने तुमच्याकडे फॅक्स केला, की जखमेतली घाण ओढणारं मशीन ताबडतोब हवं, परवानगी द्या. मीच त्याला गाडीने नेलं होतं, कागद फॅक्सच्या यंत्रात जाताना या डोळ्यांनी पाहिला. तुमची परवानगी आली बुधवारी. बोट मंगळवारी कापलं.

वर तुमचं पत्र म्हणतं, विनंती मिळाल्यापासून दोन दिवसांत निर्णय दिला. मी आठवी शिकलेय, पण शुक्रवार ते बुधवार पाच दिवस होतात एवढं मला येतं. चीजच्या कारखान्याच्या दारात बत्तीस वर्षं दूध मोजून घेतलंय मी. शनिवारी काढलेलं दूध सोमवारचं म्हणून आणणारे कितीतरी जण कॅनसकट परत पाठवलेत. दुधाचं वय काढल्यापासून धरायचं, झाकण उघडल्यापासून नाही. हे तुझ्या साहेबलोकांना कोण शिकवणार?

कुबली म्हणतो, जाऊ दे, नऊ बोटं पुष्कळ झाली, चीज काय कुणी पायाने ढवळतं? मी म्हटलं, तू गप्प बस, उरलेल्या नऊंचं मी बघते. आणि तू म्हणे तिथे दर्जाच्या खात्यात आहेस. कसला दर्जा, ते एकदा कळव.

रागावले असले तरी तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही. उलट टपाली उत्तर हवं.
आत्या


मॅडिसन
२१ सप्टेंबर २००३

ती. आत्यास,
नोरीनचा कृ. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा उभ्यानेच.

तुझ्या शेजाऱ्याबद्दल मी चकार शब्द लिहिणार नाही, सभासदाची गोष्ट बाहेर सांगायची नाही असा नियम आहे. पण तू म्हणालीस म्हणून मी शुक्रवार संध्याकाळचे जुने कागद काढून बसले. फॅक्स आला की कागदाच्या वरच्या कडेला बारीक ओळ छापून येते, कधी पाठवला त्याची. आमच्याकडे शनिवार-रविवार कुणी नसतं. सोमवारी सकाळी मुली गठ्ठा उचलतात, त्यावर सोमवारचा शिक्का मारतात आणि फाइलला लावायला वर दोन भोकं पाडतात. भोकं नेमकी त्या ओळीवर पडतात. कुणी मुद्दाम केलेलं नाही, वर्षानुवर्षं चालत आलंय. तातडीच्या विनंतीला बहात्तर तासांत उत्तर द्यायचं असतं. आमचं घड्याळ दोन दिवस उशिरा सुरू होत होतं.

तू विचारलंस, कसला दर्जा. दर तीन वर्षांनी बाहेरची एक संस्था येऊन आमची झडती घेते. आम्हीच पैसे भरून बोलावतो. ते बघतात, विनंती नाकारली तर ते डॉक्टरने ठरवलं का, कारण साध्या भाषेत सांगितलं का, दाद कुठे मागायची ते लिहिलं का, वेळेत झालं का. मुलांना लसी मिळाल्या का, साखरेच्या लोकांचे डोळे तपासले का, सगळं. मग शिक्का मिळतो. इथल्या शाळांच्या मास्तरांचा विमा आमच्याकडे आहे तो त्या शिक्क्यामुळेच. तो गेला तर शाळा जातील आणि शाळा गेल्या तर आमच्यातल्या चाळीसेक जणांना घरी बसावं लागेल. त्यात मी पहिली.

आणि तपासणी सहा ऑक्टोबरला आहे. पद्धत अशी, की ते चिठ्ठ्या टाकल्यासारख्या तीस फाइली निवडतात, पण आधी आठच उघडतात. आठही स्वच्छ निघाल्या तर तीस स्वच्छ धरायच्या. एक जरी बिघडलेली निघाली तर उरलेल्या बावीस उघडायच्या. यादी आली आहे. पहिल्या आठांत शुक्रवारची एकही नाही.

आमच्या खात्याच्या ऑस्टरहाउससाहेबांना सांगितलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. म्हणाले, नोरीन, तपासणी होऊ दे, दुसऱ्याच दिवशी सुधारू, आत्ता उगाच चाळीस संसार कशाला पणाला लावतेस. मी फाइली परत कपाटात ठेवल्या. तू काय केलं असतंस?

तुझ्या धाकात वाढलेली, लोभाची धनी,
नोरीन


नॉयडॉर्फ
२५ सप्टेंबर २००३

चि. नोरीन हिस, अ. उ. आ.

आधी चांगलं बोलते, म्हणजे ते होऊन जाईल. स्वतःच्या पैशाने परक्याला घरात आणून कपाटं उघडून दाखवायची, हे मला आवडलं. मला वाटायचं तुमचा तो शिक्का म्हणजे डब्यावरचं गाईचं चित्र. तसं नाही म्हणायचं.

आता आठ फाइलींचं. त्यात नवल काही नाही. चीजचं अख्खं चाक कोण कापून बघतो? पारखणारा लोखंडी नळी खुपसतो, बोटभर चीज बाहेर काढतो, वास घेतो, चावतो, आणि दोनशे पौंडांच्या चाकाचा भाव ठरवतो. पद्धत चांगलीच आहे. फक्त चाक कुठे तडकलंय ते पारखणाऱ्याला ठाऊक नसतं, ठेवणाऱ्याला असतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बापालाही नाही. एकसष्ट साली, मी अजून आत चीज करायला होते तेव्हा, आमच्या एका चाकाला आतून भेग गेली होती. पारखणारा यायच्या आधी मालक म्हणाला, व्हेरीना, जरा ते फिरवून ठेव, भेग भिंतीकडे. मी फिरवलं. मीच. नळी चांगल्या बाजूला गेली, चाकाला वरचा भाव मिळाला. पारखणारा म्हातारा जाताना मला म्हणाला, पोरी, तुझ्या हातचं चीज बघायचं म्हणजे नळीची गरजच नसते. बेचाळीस वर्षं झाली, ते वाक्य अजून घशात अडकलंय. मालकाने कुणालाही काढलं नाही, कारखाना चालला, सगळ्यांचे संसार झाले. तरी अडकलंय.

तू काय करायचं ते मी सांगत नाही. चाळीस जणांच्या चुली माझ्या नाहीत. कुबलीचं बोट मात्र माझ्या शेजारी नाहीसं झालं.

जेवत जा. तुझा फोटो पाहिला, हाडं दिसतात. माया आहे तेवढी आहे, लिहून वाढत नाही.
आत्या


मॅडिसन
९ ऑक्टोबर २००३

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

झालं. 

दोघी आल्या होत्या. मुख्य होत्या प्रुइट नावाच्या बाई, टेनेसीच्या, पूर्वीच्या नर्स. बोलणं इतकं गोड की माणूस आपणहून पापं सांगेल. पण नजर तुझ्यासारखी. आठ फाइली त्यांनी एकेक ओळ बोट ठेवून वाचल्या. एका नकाराच्या पत्रात कठीण शब्द होता, तर मला विचारलं, हा तुझ्या आजीला कळला असता का? मी म्हटलं, आजीचं माहीत नाही, पण आत्याने परत पाठवला असता. त्या हसल्या. दुपारी दोनला म्हणाल्या, आठही स्वच्छ, फाइलींचं काम संपलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. मी उठले आणि म्हणाले, बाई, सतरावी उघडा, आणि भोकांच्या मधून वरची ओळ वाचा. उजेडाकडे धरा.

त्यांनी कागद खिडकीशी नेला.  मग परत येऊन बाकीच्या एकवीसही मागवल्या. पाच निघाल्या, आत्या. पाच शुक्रवार. साहेब खोलीतून निघून गेले, तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. कँटीनमध्ये मी बसले की शेजारची ताटं उठतात.

जाताना प्रुइटबाई म्हणाल्या, वीस वर्षांत खूप लोकांनी मला चुका दाखवल्या, पण दुसऱ्यांच्या. निकाल काय लागेल ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तो समिती ठरवते.

तुझी नळी आठवत होते. मला जवळची समजतेस तशीच समजत राहा.
नोरीन


मॅडिसन
१० नोव्हेंबर २००३

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

कार्डच पाठवते. निकाल आला. आमचा ‘उत्कृष्ट’ हा सगळ्यात वरचा शिक्का गेला. खालचा शिक्का मिळाला, तोही सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीच्या अटीवर. अहवालात लिहिलंय की चूक कंपनीने स्वतः दाखवली. मास्तरांच्या प्रतिनिधीने ती ओळ वाचली आणि शाळा वर्षभर थांबणार म्हणाल्या. पुढचं पुढे. नोकरी आहे. शनिवार-रविवारची पाळी सुरू केली, पण कोण येतं विचारलं तर सगळ्यांनी माना खाली घातल्या.

लोभ राहू दे, तोच सध्या पुरतोय.
नोरीन


नॉयडॉर्फ
१७ नोव्हेंबर २००३

चि. नोरीन हिस,
अ. उ. आ. आणि वर थोडे जास्त.

सांगायला नको, तरी सांगते. कुबलीच्या उजव्या पायालाही जखम झाली. मी त्याला म्हटलं, तुला वार बघून दुखायला सांगितलंय का कुणी? शुक्रवारीच! संध्याकाळी त्याच डॉक्टरने तसाच फॅक्स केला. मी आपली मनात तयारी करून बसले, की आता बुधवारपर्यंत त्याला कॉफी पाजायची आणि तोंड बंद ठेवायचं.

शनिवारी सकाळी अकराला त्याचा फोन वाजला. मी तिथेच होते, पट्टी बदलत. कुबलीला फोनवर सगळं मोठ्याने परत म्हणायची खोड आहे, म्हणून मलाही ऐकू आलं. तिकडचा माणूस म्हणत होता, तुमची विनंती शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आली आहे, मशीन मंजूर, दुपारी घरी पोचेल. वेळ त्याने आपणहून सांगितली, कुबलीने विचारली नव्हती. सहा वाजून दहा. मी स्वतः घड्याळ पाहिलं होतं, बरोब्बर तेवढेच.

कुबली म्हणाला, साहेब, सुट्टीच्या दिवशी तुम्ही? नाव तरी सांगा. तिकडून उत्तर आलं, ऑस्टरहाउस.

मशीन दीड वाजता आलं. आज सकाळी डॉक्टरने पाय पाहिला, बोटं पाचच्या पाच राहतील म्हणाला. कुबली तुला निरोप देतो, की डाव्या पायाचं एक माफ केलं.

पार्सलने चीजचे दोन चतकोर पाठवतेय. एक तुझा. दुसरा तुझ्या साहेबाला दे, त्याच्या टेबलावर ठेव आणि निघून ये, भाषण करू नकोस. दोन्ही एकाच चाकाचे आहेत. मी ते सगळीकडून फिरवून पाहिलंय.

तुझीच,
व्हेरीनाआत्या