शेवटच्या तंबूच्या वर

हल्द्वानी,
३ ऑगस्ट १९८६

ती. रुक्मा दीदीस,
हयातचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि फोडणीच्या जंबूची पुरचुंडी दोन्ही पोचलं. पुरचुंडी दुकानातच उघडली. औषधाला आलेल्या बायका औषध राहिलं बाजूला, वास कसला म्हणून विचारत बसल्या. हीरा नैनीतालला सुखरूप आहे. कॉलेज सुरू झालं. वसतिगृहातली डाळ बघून घर आठवतं म्हणते, म्हणजे तब्येत बरी आहे.

आता मुख्य गोष्ट. उभी असशील तर आधी बस. येत्या सप्टेंबरात मी नागधुऱ्यावर जाणार आहे. पायथ्याशी नव्हे, माथ्यावर. नैनीतालच्या गिर्यारोहण मंडळाचे साह साहेब आणि त्यांची दोन तरुण पोरं आहेत, चौथा मी. वय सेहेचाळीस, पोट थोडं सुटलेलं, हे सगळं त्यांना दिसतं आहे, तरी घेतात. गेल्या वर्षी कंबरेच्या उपचाराला जातो सांगून मी महिनाभर गेलो होतो ना, तो उत्तरकाशीला बर्फावर चढायला शिकायला गेलो होतो. कंबर ठणठणीत आहे.

तू कारण विचारशील. बाज्यूंनी गोऱ्या साहेबांचं ओझं शेवटच्या तंबूपर्यंत नेलं आणि तिथं त्यांना सांगितलं की तू इथंच बस. आपल्या डोंगरावर कुठून कुठून माणसं येऊन चढली, आपल्या मर्तोली गावचा एकही माणूस चढला नाही. आम्ही फक्त ओझी नेली. मला शेवटच्या तंबूच्या वरचं बघायचं आहे, एवढंच.

भिनज्यूंना, तुझ्या घरधन्यांना, नमस्कार. त्यांची विडी सुटली का? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हयात


बुर्फू,
१९ ऑगस्ट १९८६

चि. हयात यास,
दीदीचे अनेक आशीर्वाद.

भुला, तुझं पत्र वाचून मी बसले नाही, उभ्यानेच शिव्या दिल्या. कंबरेचा उपचार! मी इथं तुझ्या कंबरेसाठी नंदामाईला नारळ बोलले होते. तो फोडून झाला, आता परत कसा मागू?

बाज्यूंचं दुःख तू मुलगा म्हणून उगाच अंगावर घेतोस. ते मला सांगायचे की साहेब लोक वर गेले आणि मी त्यांचा मुरंब्याचा अख्खा डबा संपवला, आयुष्यात इतकं गोड कधी खाल्लं नाही. त्यांना तिथं बसवलं म्हणून ते घरी आले. त्या साहेबांतला एक आला नाही, हे तू सोयीनं विसरतोस.

या वर्षी मला चांगलं वाटत नाही. फाफर कापणीला यायच्या आत जंगली मेंढ्या खाली उतरल्या. नागधुऱ्याकडून येणारा ओढा गेल्या आठवड्यात दुपारच्या उन्हात अचानक आटला. दगड उघडे पडले, त्यात मासे तडफडत होते. दुसऱ्या दिवशी सगळं पाणी एकदम आलं, काळंकुट्ट, आणि खालचा लाकडी पूल घेऊन गेलं. वर कुठंतरी बर्फ सरकतो आहे. आमचे मेंढपाळ त्या अंगाला कळप नेत नाहीत. नेला तरी मेंढ्या वळतात म्हणतात.

गोमतीला जाऊन चार वर्षं झाली. हीराला आई नाही. आता बापानंही बर्फात जाऊन बसायचं म्हणतोस तर पोरीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं ते लिहून कळव.

तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे, लहानपणीही झाडावरून पडल्यावरच उतरायचास. म्हणून यांना तुझ्याबरोबर धाडते आहे. हे पायथ्याच्या तळापर्यंतच येतील, पुढे नाही. तरुणपणी मेंढ्या घेऊन तिबेटात जायचे तेव्हा खूप खिंडी ओलांडल्या आहेत, पण आता पंचावन्न उलटले. विडी सुटलेली नाही. खोकतात तेव्हा शेजारची म्हैस उठते.

येताना माझ्यासाठी काही आणू नकोस. नुसता ये.

तुझी दीदी,
रुक्मा


पायथ्याचा तळ,
१४ सप्टेंबर १९८६

ती. दीदीस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र खाली निघालेल्या मेंढपाळाबरोबर देतो आहे. तुझ्या सत्तूवर आणि सुक्या मटणावर साह साहेब इतके खूश आहेत की त्यांनी आपले डबे उघडलेच नाहीत. भिनज्यूंनी तळावर दगडांची चूल मांडली आणि पहिल्या दिवसापासून सगळ्यांना हुकूम सोडायला लागले. काल त्यांनी साह साहेबांना सांगितलं की तुमची दोरी चांगली आहे, पण गाठ बायकांच्या वेणीसारखी आहे. साह साहेब हसले आणि गाठ बदलली.

पहिला तंबू वर लागला. मी दोनदा सामान पोचवून आलो. दम लागतो, पण पोरांनाही लागतो. रोज दुपारी ढग येतो आणि डोंगर झाकतो. मग आतून आवाज येतात. कुणीतरी वरच्या मजल्यावर जड कपाट सरकवावं तसे. पोरं पहिल्या दिवशी मोजत होती, आता मोजत नाहीत. परवा समोरच्या अंगाला बर्फाचा एक कडा निसटला. आमच्यापासून लांब होता, पण त्याचा वारा तंबूपर्यंत आला आणि चहावर पांढरी पूड पसरली. भिनज्यूंनी तो चहा ओतून दिला.

त्यांचा खोकला वाढला आहे. मी औषध दिलं, ते त्यांनी चुलीत टाकताना मला दिसलं. त्यांनी वर येऊ नये म्हणून मी नजर ठेवून आहे. मला थोडं डोकं दुखतं संध्याकाळी, ते उन्हाचं. जेवणावर वासना नाही एवढंच.

काळजी करू नकोस म्हटलं तर तू जास्त करशील, म्हणून म्हणत नाही.

तुझा,
हयात


बुर्फू,
१७ सप्टेंबर १९८६

चि. हयात यास,
अनेक आशीर्वाद.

मिठाची पोती घेऊन वर निघालेला माणूस हे पत्र नेतो आहे. इथं परवापासून बर्फ पडतो. सप्टेंबरात घराच्या छपरावर बर्फ मी माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा बघते. फाफर आडवा झाला.

तुम्ही सगळे खाली या. डोंगर कुठं पळून जात नाही. साह साहेबांना माझं नाव घेऊन सांग की बुर्फूची एक अडाणी बाई हात जोडते. यांना म्हणावं, खोकला माझा मी ऐकून घेईन, पण इथं येऊन खोका.

तुझ्या डोक्याचं तू एका ओळीत लिहिलंस आणि यांच्या खोकल्याचं चार ओळींत. ते मला बरं वाटलं नाही.

रुक्मा


दुसरा तंबू,
२१ किंवा २२

ती. दीदीस,

बर्फ थांबला. माथा इतका जवळ आहे की हात लांब केला तर बोट ओलं होईल. साह साहेब म्हणतात हवा फसवी आहे, खाली चला. पोरांना उलट्या होतात. मी म्हटलं तुम्ही जा, तुमच्या हातून हे पत्र दीदीला द्या. भिनज्यू मला न्यायला वर आले आहेत. तू सांगितलं होतंस पायथ्यापर्यंतच, तरी आले. मी म्हटलं बसा, चहा घ्या. ते फार खोकतात.

डोकं दुखतं ते चष्म्यामुळे. गोळी घेतली. घेतली का आठवत नाही, पुन्हा घेतो.

बर्फ थांबला. भिनज्यू सारखे माझ्याकडे बघतात. विचारलं काय बघता, तर म्हणाले बुटाचे बंद बांध. मी बांधले होते. मग त्यांनीच बांधले.

गोमतीला सांग की दुकानाची किल्ली माझ्याच खिशात राहिली. ती दारात उभी असेल. काल तंबूबाहेर भांडी घासत होती, मी म्हटलं एवढ्या थंडीत नको, हात फुटतील.

माथा फार जवळ आहे. भिनज्यू फार खोकतात. उद्या निघतो. बर्फ थांबला.


बुर्फू,
४ ऑक्टोबर १९८६

चि. हीरा हिस,
बुआचे अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच. तुझे बाबू जिवंत आहेत. फुफाही जिवंत आहेत. आता दम घे आणि पुढचं वाच. लोक तुला काहीबाही सांगतील, म्हणून मी पाहिलं ते मीच लिहिते.

साह साहेब आणि पोरं उतरून आली, तेव्हा त्यांनी मला तुझ्या बाबूंचं पत्र दिलं. पोरांचे पाय सुजलेले, तोंडं काळी पडलेली. साह साहेब म्हणाले की हयातजी खुशाल आहेत, जेवले, हसले, तुमचे यजमान केसर सिंहजी त्यांना घेऊन मागून येतातच. मी तिथंच ओसरीवर पत्र उघडलं. एकच गोष्ट तीनदा लिहिलेली. खाली सही नाही. मधे तुझ्या आईचं नाव, ती जिवंत असल्यासारखं. ते पत्र मी साह साहेबांच्या हातात दिलं. वाचता वाचता ते खालीच बसले आणि म्हणाले की आम्ही सगळेच वर अर्धवट शुद्धीत होतो, मला हे दिसायला हवं होतं. माणूस खोटं बोलत नव्हता. मी त्यांना चहा द्यायला सुनेला सांगितलं आणि निघाले.

सीमेवरच्या ठाण्यातले दोन जवान बरोबर आले. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हिमनदीच्या कडेला पोचलो. पुढे मला त्यांनी जाऊ दिलं नाही. मी एका दगडाला टेकून वर बघत उभी राहिले. डोंगर उघडा होता, डोळे दुखतील असा पांढरा. त्यात पुष्कळ वेळानं एक काळं काहीतरी हललं. मला वाटलं एकच माणूस आहे, पण माणसापेक्षा जाड दिसत होतं. मग जवान म्हणाला, माई, एकाच्या पाठीवर दुसरा आहे.

हीरा, त्यात एक माझा भाऊ होता आणि एक माझा नवरा. चालतो कोण आणि लोंबतो कोण हे कळत नव्हतं. जन्मभर मी नंदामाईकडे हक्कानं मागत आले. तिथं हात जोडले आणि मागता येईना. एकाचं नाव ओठावर आणावं तर दुसऱ्याला आपणच दरीत ढकलल्यासारखं होत होतं. मी कुणाचंच नाव घेतलं नाही. नुसते हात जोडून उभी राहिले.

मग चालणारा खोकला.

त्या एका क्षणाला मला आनंद झाला. पाठीवर कोण आहे हे त्याच्या पुढच्या क्षणाला कळलं. तू त्याची मुलगी आहेस म्हणून हे तुझ्यापासून लपवत नाही. पुढे तुला माझ्याबद्दल काय वाटेल ते वाटो.

जवान धावले. तुझ्या बाबूंचे डोळे उघडे होते, पण मला आपली आई समजून ईजा म्हणाले. फुफा सांगतात की बर्फाच्या शेवटच्या उभ्या भिंतीच्या खालीच हयात बसला, हसायला लागला, पोचलो पोचलो म्हणाला आणि बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीला रुमाल बांधून फडकवला. उठेना. तेव्हा यांनी त्याला दोन थोबाडीत दिल्या, दोरानं बोकडासारखा बांधला आणि ओढत आणला. जिथं ओढता येईना तिथं पाठीवर घेतला. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? तर म्हणाले, वाटली, पण त्याला खाली ठेवून घाबरायला जागा नव्हती.

हेलिकॉप्टर आलं आणि हयातला पिथोरागडला नेलं. हे चुलीशी बसलेत, हाताची बोटं पांघरुणात लपवून. दाखवत नाहीत. तू दवाखान्यात जा. तुला ओळखलं नाही तर रडू नकोस, पुन्हा नाव सांग.

तुझी बुआ,
रुक्मा


जिल्हा रुग्णालय, पिथोरागड,
२३ नोव्हेंबर १९८६

चि. हीरा हिस,
बाबूंचे अनेक आशीर्वाद.

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला, असं भिंतीवरचं कॅलेंडर सांगतं. डाव्या पायाची बोटं काढली. जखम कोरडी आहे. काठी घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो. अक्षर आता सरळ येतं, बघ.

एक गोष्ट तू होतीस तेव्हा सांगणार होतो, धीर झाला नाही. मी माथ्यावर उभा आहे असं मला स्वच्छ आठवतं. पायाखाली सपाट जागा, चार माणसं बसतील एवढी. पलीकडे तिबेट, तांबूस. वारा अजिबात नाही. बर्फावर एक पिवळं फुलपाखरू मरून पडलेलं, ते मी उचलून पाहिलं. दिवसेंदिवस हे जास्तच स्पष्ट दिसतं. आणि भिनज्यू म्हणतात की भिंतीच्या वर आपण एक पाऊलही गेलो नाही.

परवा ते आले होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तुला दीदीनं सांगितलं नसेल. मी त्यांना फुलपाखराचं सांगितलं. त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं. मला वाटलं, आता हो म्हणतील. एवढं सगळं झाल्यावर कुणीही म्हणालं असतं. पण ते म्हणाले, नाही रे हयात, तिथं नव्हतो आपण. आणि संत्रं सोलायला लागले. त्यांना सोलता येईना, म्हणून मी सोललं.

मी ठरवलं आहे की भिनज्यू सांगतात तेच खरं धरायचं. अवघड जातं, कारण माथा मला दिसतो आणि भिंत दिसत नाही. पण काल मी इथल्या नर्सबाईंना विचारलं की गोमती अजून डबा घेऊन का आली नाही. त्यांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं माझं मलाच कळलं. तेव्हापासून डोक्यात जे जे आहे, त्याच्याजवळ थांबून विचारतो की तू खरा आहेस का.

हिवाळ्याच्या सुट्टीत ये. मी काही चुकीचं बोललो तर मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस. रागावलो तरी म्हणू नकोस. नाही म्हण, आणि जवळ बस.

तुझे,
बाबू