माझ्या बोटाला वाजणारा कागद

४ फेब्रुवारी
सुनेला दुकानातून डायरी फुकट मिळाली. ती लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर ठळक.

नात मागच्या खोलीत कागदाची वाजवायची पेटी करते आहे. भाता नाही, लाकूड नाही. रद्दी भिजवायची, मिक्सरमधून काढायची, जाळीवर पसरून वाळवायची. त्या कागदावर कोळशाची पूड खळीत कालवून रेघा ओढायच्या. दोन फण्या एकमेकींत घुसवाव्यात पण दाताला दात लागू नये, तशा. याला ती सेन्सर म्हणते. वर बोट ठेवलं की बोटातून वीज इकडून तिकडे जाते आणि शेजारचा डबा सूर काढतो. झटका बसेल का विचारलं. म्हणाली, आजी, मुंगी चावल्याएवढंही कळणार नाही. प्लास्टिक नको, सगळं शाश्वत पाहिजे, म्हणाली. शाश्वत म्हणजे काय? तर मोडलं की मातीत जाणारं. मग मीही शाश्वतच.

संकल्प : तिच्या कामात लुडबूड करायची नाही.

६ फेब्रुवारी
२४ तारखेला वाद्यांच्या कारखान्यातली मॅडम पेटी बघणार. पसंत पडली तर नातीला तिथे नोकरी. नाही तर आत्याच्या शिलाईच्या दुकानात काजं-बटणं. आत्या म्हणजे माझीच मुलगी. तिच्या हाताखाली मी स्वतः आठवडा काढू शकले नाही.

खळ मी करून दिली. पोरीची खळ म्हणजे नुसत्या गुठळ्या. ही मदत झाली. लुडबूड वेगळी.

९ फेब्रुवारी, दुपार
माझी नेमणूक झाली. पद : तपासनीस. नात कोळसा आणायला गेली, जाताना म्हणाली, वाळलेल्या पट्ट्या टेस्ट करून ठेव, वाजेल ती पास.

बोट जिभेला लावलं, पट्टीवर ठेवलं. सूर! पान उलटायचं असो की पिशवीचं तोंड उघडायचं असो, बोट आधी जिभेला लागतंच. त्याशिवाय ते कामाला लागत नाही. सगळ्या पट्ट्या पास. नातीचा निकाल इतका चांगला कधी लागला नव्हता.

११ फेब्रुवारी
सुनेने येता-जाता एका पट्टीवर बोट ठेवलं. गप्प. दुसरीवर ठेवलं. गप्प. म्हणाली, आई, हे वाजत नाही. मी म्हटलं, हातात कला लागते. म्हणाली, नुसतं बोट तर टेकवायचंय, त्यात कसली कला? मी टेकवून दाखवलं. वाजलं. तोंड वाकडं करून आत गेली. जाताना म्हणाली, तुमच्या नातीला सांगा हं.

सांगणार होते. पण पोरीला उगाच घोर कशाला. आणि तिच्या हाताला तर वाजतं. हात दिवसभर लगद्यात, ओलेचिंब. माझ्यावर गेली आहे.

१५ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरची बँकवाली आली. रिटायर होऊन जमाना झाला, तरी काउंटरपलीकडून बोलल्यासारखी बोलते. बोट ठेवलं. नाही वाजलं. म्हणाली, मशीन बंद आहे. मी म्हटलं, मशीन चालू आहे, तुमचं बोट बंद आहे. अर्धा चहा टाकून गेली.

आता माझी खात्री झाली. कागद माणूस ओळखतो. २४ ला वाजवायला मीच उभी राहते, असं नातीला सुचवलं. म्हणाली, मॅडम स्वतः वाजवून बघणार आहेत. बघू दे. शेवटी मला बोलवावं लागेलच. ठेवणीतले कपडे इस्त्रीला दिले.

१९ फेब्रुवारी
दोन पट्ट्या मध्ये फुगल्या, रेघा पसरल्या. नात डोकं धरून बसली. आजी, पाणी कुठून लागलं गं? मी म्हटलं, हवा दमट आहे. तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कडकडीत ऊन. नवीन पट्ट्या केल्या. मी टेस्ट केल्या. पास.

२४ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

कारखान्याच्या ऑफिसात एसीचा गारठा. नातीला भीतीने घाम फुटलेला. तिने वाजवलं, छान वाजलं. मग मॅडमनी बोट ठेवलं. गप्प. दुसरं ठेवलं. गप्प. त्यांचा साहेब आला, त्यालाही गप्प. नातीचं तोंड पांढरं पडलं. मी उठले. म्हटलं, सरका. बोट जिभेला लावलं, ठेवलं, वाजलं. सगळ्यांकडे पाहिलं.

मॅडम म्हणाल्या, आजी, परत करा बघू. केलं. मग त्यांनी पाण्याच्या ग्लासात बोट बुडवलं आणि पट्टीवर ठेवलं. त्यांनाही वाजलं. कला वगैरे काही नसताना. साहेब म्हणाला, म्हणजे पेटीबरोबर पाण्याची वाटी द्यायची का गिऱ्हाइकाला?

नात हळूच म्हणाली, आजी, सगळ्या पट्ट्या अशाच टेस्ट केल्यास? मी म्हटलं, सगळ्या. एकही सोडली नाही.

मॅडमनी २० मार्चपर्यंत मुदत दिली. कोरड्या बोटाला वाजवून दाखव म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी
तपासनीसपदाचा राजीनामा दिला. सून म्हणते, काढलं. ते तिचं बोलणं. ११ तारखेची गोष्टही तिने नातीला सांगून टाकली. नात माझ्यासमोर येऊन म्हणाली, आजी, मला सांगायचं तरी. एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं.

२ मार्च
संकल्प : मागच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. आतून कडी असल्यामुळे पाळायला सोपा जातो.

१० मार्च
नातीने रेघा जवळ जवळ आणल्या, कोळशाची शाई दाट केली. सुनेला वाजली. बँकवालीला मुद्दाम वर बोलावलं, तिलाही वाजली. दोनदा वाजवून माझ्याकडे बघत राहिली. दूधवाल्याला वाजली. मग मला बोलावलं. हात धुतले, पुसले, जीभ तोंडात ठेवली. बोट ठेवलं. गप्प. दाबलं. गप्प. नात म्हणाली, वय झालं की बोटं कोरडी पडतात. मी म्हटलं, तुझा कागद बिघडला.

११ मार्च
परत कामावर घेतलं. नात म्हणाली, या घरातलं सगळ्यात निकामी बोट तुझं. त्याला वाजली की जगात कुणालाही वाजेल. निवड झाली ती गुणांवर. सुनेच्या बोटाचा विचारसुद्धा झाला नाही.

१८ मार्च
रोज बोट ठेवते, रोज गप्प, रोज ती नव्या रेघा ओढते. तिच्या डोळ्यांखाली कोळसा की जाग्रण, कळत नाही. आज संध्याकाळी वाजली. बारीक, पण वाजली. नातीने माझं बोट उलटसुलट करून पाहिलं. कोरडंच होतं. मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली. कपड्याला काळं लागलं. साबणाने जात नाही.

२० मार्च
नोकरी मिळाली! सोमवारपासून. आत्याला फोन मीच केला. काजं-बटणं तूच कर म्हटलं.

कारखान्यात टेस्टिंगला माझ्यासारखं कोरडं बोट कायम लागणार, असं नात म्हणाली. मी म्हटलं, येते, पण दुपारी जेवण झाल्यावर पडायला जागा पाहिजे. नात घुटमळली. म्हणाली, तसं नाही आजी. ते रबराचं बोट करून घेणार आहेत, अगदी तुझ्याइतकं कोरडं. त्याला चहा लागत नाही, आणि ते बोलत नाही.

सून म्हणाली, एक घरीही मागव.