दुःखाचं अर्धायुष्य

४ मार्च
‘एकदम संपत नसतं गं. आधी निम्मं होतं, मग त्या निम्म्याचं निम्मं. शून्य होणार नाही, पण उचलता येईल.’ — आई गेली तेव्हा मावशी म्हणाली होती. मी चौदा वर्षांची. मावशी हॉस्पिटलात किरणोत्सारी आयोडीन मोजायची. ते आठ दिवसांत निम्मं उरतं; तेवढा काळ म्हणजे त्याचं अर्धायुष्य. तिच्या हाताशी जे माप होतं, तेच तिनं मला दिलं.
आज त्याच वाक्यावर पुस्तकाचं शेवटचं प्रकरण संपवलं. जमलंय!

७ मार्च
संपादक खूश. पुस्तकभर एकाच शब्दाचा प्रवास आहे. ‘अर्धायुष्य’ हा शब्द भौतिकशास्त्रातून निघतो. मग डॉक्टर तो औषधाच्या मात्रेसाठी उचलतात, उत्खननवाले जळक्या लाकडाचं वय काढायला. आणि शेवटी टीव्हीवरचा निवेदक म्हणतो, या बातमीचं अर्धायुष्य एक दिवस! दर घरी नवा संसार थाटतो, माहेर विसरत नाही — असं मी ठोकून लिहिलंय.

११ मार्च
मुखपृष्ठाचा मजकूर आला. ‘दुःखाचं अर्धायुष्य एक वर्ष — म्हणजे दोन वर्षांत तुम्ही मोकळे!’ कपाळावर हात मारला. संपादकांना फोन केला, दोनदा निम्मं झालं तरी चौथा हिस्सा उरतोच. मुखपृष्ठावर एवढं गणित कोण करतंय, म्हणाले. पण बदलतील.

१२ मार्च
प्रुफं तपासून झाली. सोमवारी छपाई. उद्या मावशीला दाखवते — तिला अजून काहीच माहीत नाही.

१३ मार्च
मावशीनं शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं. आकडे बरोबर आहेत, म्हणाली. मी विचारलं, आणि शेवट?
“आयोडीनचं बरोबर आहे. ताईचं नाही. तू जेवत नव्हतीस, म्हणून म्हटलं होतं मी तसं. माझं कुठे कमी झालंय? रोज तेवढंच.”
आणि कप विसळायला उठली.
इतकी वर्षं मी तिच्या त्या वाक्यावर उभी. ती स्वतः कशावर उभी होती?

१४ मार्च
शेवटचं प्रकरण थांबवा, असं संपादकांना कळवलं. कुरकुरत दोन दिवस दिलेत.
पहिलं वाक्य तिला न विचारता घेतलं होतं. आज विचारणार — मावशी, ‘रोज तेवढंच’ हे छापू? नाही म्हणेल. आमच्या ताईचं चारचौघांत कशाला, म्हणेल. तरी निघालेय.